जांभळाचा सिरका-सरबत

मैत्रिणींनो, जून उजाडला की आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या बाजारांत जांभळाच्या टोपल्या येतात. संध्याकाळपर्यंत फळ मऊ पडतं अन् विकणारी बाई मिळेल त्या भावात देऊन टाकते. तेव्हाच आपण घासाघीस करतो! ती मऊ जांभळं रास्त भावात घ्या. सडकी तेवढी वगळा. 1 किलो गराला 1 किलो साखर लावून दिवसभर फ्रीजमध्ये झाकून ठेवा. मग गाळून अर्धा लिटर सिरका, म्हणजे व्हिनेगर घाला. भांडं काचेचं, अ‍ॅल्युमिनियमचं मुळीच नको. सिरकाही फळाचा बघा, ‘सिंथेटिक’ लिहिलेला नको. ग्लासभर थंड पाण्यात दोन चमचे पुरे. आणि हो, जांभूळ असलं तरी यात साखर भरपूर. मधुमेह असलेल्या सासूबाईंना ‘औषध’ म्हणून पाजू नका.