बारीक आटे म्हणजे मजबूत आटे?

मशीन डिझाइनच्या व्हायव्हाला एक प्रश्न हमखास येतो : कोर्स थ्रेड मजबूत की फाइन? आपण सगळे पोपटासारखे सांगतो, "सर, फाइन." मार्क मिळतात, विषय संपतो. माझं म्हणणं असं, की हे उत्तर अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं आपण कधी विचारतच नाही.

(माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी : थ्रेडला वर्कशॉपमध्ये 'आटे' म्हणतात. पोळीच्या पिठाशी काही संबंध नाही!)

फाइन मजबूत, हे खरं आहे, पण बोल्टच्या बाबतीत. एम८ चा कोर्स पिच १.२५ मिमी, फाइन १ मिमी. पिच बारीक तर आटे कमी खोल, म्हणून बोल्टचा गाभा जाड राहतो. स्ट्रेस एरिया कोर्सचा ३६.६ चौ. मिमी, फाइनचा ३९.२. साधारण सात टक्के फायदा. पण ६ मिमीच्या ॲल्युमिनियम प्लेटमध्ये स्टीलचा बोल्ट जोरात आवळला तर आधी जातं कोण? बोल्ट नाही, प्लेटमधले आटे. ते सोलून बाहेर येतात. आणि त्या प्लेटवर गाडीचा ब्रेक कॅलिपर बसवलेला असेल तर हा प्रश्न नुसता मार्कांचा राहत नाही.

इथे कोणीतरी म्हणतोच, "अरे, ६ मिमीत कोर्सचे जेमतेम पाच आटे, फाइनचे सहा. जास्त आटे, जास्त पकड!" आता व्ही. बी. भांडारींचं पुस्तक काढा. आपल्या पुण्याच्याच विश्वकर्मा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले सर. नटचे आटे शिअरमध्ये जाण्याचं समीकरण बघा : एरिया म्हणजे गाभ्याचा परीघ गुणिले नटची उंची. त्यात पिच आहे का? नाहीच! आटे वाढले तसं प्रत्येकाचं बूड अरुंद झालं, बेरीज जवळपास तीच. त्याच हिशोबात उंची व्यासाच्या ०.४ पट पुरते, म्हणजे एम८ ला ३.२ मिमी. पण ते नट आणि बोल्ट सारख्याच मटेरियलचे धरून. ॲल्युमिनियमला व्यासाच्या दीड ते दोन पट धरतात, म्हणजे १२ ते १६ मिमी. आपली ६ मिमीची प्लेट त्यात बसत नाही, पिच कुठलाही घ्या.

मग निवडायचं कशावर? तर कोण जास्त हाल सोसतं त्यावर. आट्यांची एकमेकांत पकड कोर्समध्ये ०.६८ मिमी, फाइनमध्ये ०.५४. हँड ड्रिल जरासा हलला आणि भोक ०.२ मिमीने मोठं झालं, की दोन्ही बाजूंनी ०.१ गेला. फाइनला ते जास्त महागात पडतं. त्यात बाहाच्या ट्रॅकवरची धूळ, घाईत तिरका घुसवलेला बोल्ट, दिवसातून चार वेळा उघडझाप. मऊ धातूतले बारीक आटे हे फार दिवस सहन करत नाहीत. पुरावा पुण्यात गल्लोगल्ली आहे : टू-व्हीलरचा स्पार्क प्लग. १४ मिमीच्या प्लगचा पिच १.२५, म्हणजे फाइनच (एम१४ चा कोर्स पिच २ असतो), आणि हेड ॲल्युमिनियमचं. म्हणून तर चांगला मेकॅनिक प्लग आधी बोटांनी फिरवतो, पाना नंतर लावतो.

फाइनशी माझं वैर नाही. ॲडजस्टमेंटचा स्क्रू, पातळ भिंतीची नळी, किंवा २-३ मिमी स्टील जिथे कोर्सचे दोनच आटे बसतील, तिथे फाइनच हवा. व्हायब्रेशनमध्येही तो कमी सुटतो. पण 'प्रोफेशनल' दिसतं म्हणून सगळीकडे फाइन मारायचा, ही मात्र निव्वळ फॅशन. शिवाय टॅप तुटला तर? बोहरी आळीत नुसतं "एम८ चा टॅप" मागा, १.२५ चाच हातात पडेल. स्टँडर्डप्रमाणेही एम८ च्या पुढे पिच लिहिला नसेल तर कोर्सच समजायचा.

कॅलिपरच्या प्लेटमागे हात जात असेल तर टॅपिंगच नको. ९ चं भोक आरपार, वॉशर आणि नायलॉक नट. हात जात नसेल तर मागे जाड स्टीलचा तुकडा, ६.८ चा ड्रिल आणि कोर्स टॅप.

आणि वर्कशॉपला एक मागणी. ॲल्युमिनियमच्या एका पट्टीत दोन्ही टॅप मारून द्या, टॉर्क रेंच द्या, आणि आटे जाईपर्यंत आम्हाला आवळू द्या. एका प्रॅक्टिकलचं काम आहे, मामांना विचारून ठेवलंय, ते तयार आहेत.