रिकामे खोके आणि दहा मिनिटे

बाजारपेठेतील जुन्या दुकानांत एक जीव असा असतो, की ज्याचे नाव हजेरीपटावर नसते. पण ज्याची हजेरी कधी चुकत नाही. पोत्यांच्या थप्पीवर तो निवांत झोपतो, गादीच्या कडेला अंग चाटीत बसतो आणि दुकान बंद झाल्यावर वखारीचा पहारा करतो. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येते. पेढ्यांच्या पिढ्या बदलल्या, तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटे आले. मांजर मात्र आपल्या जागी कायम राहिले.

सांगलीच्या पेठेतील एका घरात अशीच एक मनी होती. खाली धान्याचे दुकान, मागे वखार, वर राहते घर आणि त्यावर गच्ची. घरातील वडीलधारे अण्णा सत्तरी ओलांडलेले. दुकानाचा भार मुलाने उचलल्यापासून त्यांचा दिवस गच्चीवर सुरू होई. सूर्योदयाच्या सुमारास मूठभर ज्वारी आणि मातीच्या परळात पाणी ठेवावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. चिमण्या, साळुंक्या, होले जमत. त्यांच्याकडे पाहत अण्णा बराच वेळ बसून राहत.

चैत्रातील एका सकाळी त्या परळाशेजारी एक चिमणी मरून पडलेली दिसली. मनी तिच्याजवळ बसली होती. चिमणी तिने खाल्लीही नव्हती. ज्या दाण्यासाठी पाखरू विश्वासाने उतरले, तोच दाणा त्याच्या मृत्यूचे निमित्त झाला, हा विचार अण्णांना सोसवेना. त्या दिवशी ते ताटावर बसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नोकराला सांगितले, "उद्या या मांजराला पोत्यात घाल आणि गावाबाहेर सोडून ये."

सातवीत शिकणारी नात रडू लागली. सूनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, उंदीर मारते म्हणून आपणच तिला वखारीत ठेवले. आता चिमणी मारली म्हणून हाकलायचे, हा न्याय कोणता? आणि गावाबाहेर गेल्यावर ती तिथली पाखरे मारणार नाही का?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. परंतु नोकराला दिलेला हुकूम त्यांनी मागे घेतला. पाळीव जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे ही क्रूरता आहे, असे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो. पण कायद्याहून सूनबाईंचा प्रश्न त्यांना अधिक लागला असावा.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी मनीला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. तेथील डॉक्टरांनी समजावले ते असे. मांजराची भूक आणि मांजराची शिकार या दोन वृत्ती पूर्णपणे एक नाहीत. पोट भरलेले मांजरही दबा धरते, कारण हालणाऱ्या लहान वस्तूवर झेप घेणे हे त्याच्या रक्तात आहे. दबा धरणे, पाठलाग करणे, झडप घालणे, पकडणे ही त्याची क्रमाने चालणारी साखळी असते. पहाट आणि संधिकाळ या त्याच्या विशेष जागृतीच्या वेळा. नेमक्या त्याच वेळी गच्चीवर पाखरे उतरत होती. या वृत्तीला वाट दिली नाही, तर ती आपली वाट स्वतः शोधते. ती वाट म्हणजे खेळ.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नैऋत्य इंग्लंडमधील २१९ घरांतील ३५५ मांजरांवर बारा आठवडे लक्ष ठेवण्यात आले. ज्या घरांत मालकाने रोज केवळ पाच ते दहा मिनिटे मांजराशी खेळणी घेऊन खेळ केला, तेथे मांजराने मारून घरी आणलेल्या जीवांची संख्या २५ टक्क्यांनी घटली. मांसातील प्रथिने अधिक असलेला आहार दिलेल्या घरांत ती ३६ टक्क्यांनी घटली. शाकाहारी घरात या दुसऱ्या आकड्याने संकोच वाटणे स्वाभाविक आहे; पण तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते न मिळाल्यास डोळे व हृदय यांना इजा होते. केवळ दूध-पोळीवर मांजर निरोगी राहत नाही, आणि अनेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आहाराचा हा प्रश्न प्रत्येक घराने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सोडवावा. पाच-दहा मिनिटांचा खेळ मात्र कोणत्याही घराला देता येण्यासारखा आहे.

खेळण्यांसाठी बाजारात जाण्याचे कारण नव्हते. व्यापाऱ्याच्या घरी जे रोज रद्दीत जाते, तेच पुरे होते.

पहिले खेळणे म्हणजे पुठ्ठ्याचे रिकामे खोके. त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाकली, समोरासमोरच्या दोन बाजूंना मांजर सहज आत-बाहेर करील एवढी भोके पाडली की काम झाले. लपण्याची जागा ही मांजराची मोठी गरज आहे. नेदरलँड्समधील एका निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना खोके दिले आणि काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे नव्या जागेत लवकर स्थिरावली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मनीनेही पहिल्याच दिवशी साबणाच्या खोक्यात मुक्काम ठोकला.

दुसरे खेळणे कागदाचे. स्वच्छ खाकी कागद चुरगाळून लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करावयाचा. मांजराच्या तोंडात तो संपूर्ण मावता कामा नये. घरंगळताना त्याचा जो खसखस आवाज होतो, तो मांजराला वाळल्या पानांतील उंदराची आठवण देतो.

तिसरे जुन्या सुती मोज्याचे. त्यात चिंध्या आणि थोडा चुरगाळलेला कागद भरून तोंड घट्ट शिवून टाकावे. गुंडी, मणी, टिकल्या यांची सजावट करू नये. त्या तुटतात आणि गिळल्या जातात. ही उशी मांजर पुढच्या पायांनी कवटाळते आणि मागच्या पायांनी तिला लाथा मारते. पकडलेल्या भक्ष्याशी ते असेच वागते.

चौथे फॉईलच्या गुंडाळीत उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीचे. तिला दोन-तीन भोके पाडून आत मांजराच्या कोरड्या खाद्याचे थोडे दाणे टाकावेत आणि दोन्ही तोंडे दुमडून बंद करावीत. नळी ढकलीत, उलटीसुलटी करीत मांजर एकेक दाणा काढते. आयत्या ताटापेक्षा कमावलेला घास त्याला अधिक वेळ गुंतवून ठेवतो.

पाचवे, आणि सर्वांत गुणकारी, काठीचे. हातभर लांबीची गुळगुळीत बांबूची काठी घ्यावी आणि तिच्या टोकाला दोन बोटे रुंद, वीतभर लांब अशी जाड सुती कापडाची पट्टी पक्की शिवून बसवावी. बाजारातील अशा काठ्यांना पिसे किंवा केसाळ कातडे लावलेले असते. त्याची काहीही आवश्यकता नाही. मांजराला हालचाल हवी असते.

काठी बनविणे सोपे होते, पण ती फिरविणे शिकावे लागले. नात प्रथम पट्टी मनीच्या तोंडापुढे नाचवीत असे आणि मनी पाठ फिरवून निघून जाई. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या तोंडावर चालून येत नाही, हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिने पट्टी दूर नेली, खोक्याआड लपविली, क्षणभर थांबविली, मग हळूच सरकविली. मनीचे डोळे विस्फारले, मागचा भाग हलू लागला आणि तिने झेप घेतली. प्रत्येक खेळात मांजराला काही वेळा यश मिळू द्यावे आणि शेवटी ते पकडून थोडा वेळ तोंडात धरू द्यावे. लेझरच्या लाल ठिपक्यात हेच समाधान नसते, कारण तो कधी हाती लागत नाही. शिवाय तो डोळ्यांना घातक आहे. हाताची बोटे हलवूनही खेळवू नये, नाहीतर बोट हेच भक्ष्य, असा धडा मांजर शिकते.

या सुखी घरात एक चूक घडलीच. एका संध्याकाळी नातीने कागदाच्या गोळ्याला लोकरीचा लांब धागा बांधला आणि खेळ संपल्यावर तो तसाच जमिनीवर राहिला. सकाळी मनीच्या तोंडातून धाग्याचे टोक लोंबत होते. ती लाळ गाळीत होती आणि पाण्याला तोंड लावीत नव्हती. नातीने टोक धरून ओढण्यासाठी हात पुढे केला, तोच सूनबाईंनी तो झटकन मागे घेतला.

ही एक हालचाल मनीच्या जीवावर बेतली असती. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला सहजी थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकते आणि उरलेला धागा आतड्यात उतरतो. मग आतडे नाडी ओवलेल्या नेफ्याप्रमाणे गोळा होते आणि ताणलेला धागा त्याला आतून कापतो. बाहेरून ओढल्यास हीच इजा वाढते. अशा वेळी धागा न ओढता तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. धागा दिसत नसला, तरी वारंवार उलट्या, अन्नत्याग आणि मरगळ ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. मनीचा धागा जिभेच्या मुळाशी अडकला होता, फारसा खाली उतरला नव्हता. म्हणून भूल देऊन तो काढता आला. आणखी काही तासांनी कदाचित पोट उघडावे लागले असते, असे डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून घराचा एक नियम ठरला. सुतळी, लोकर, शिवणाचा दोरा, सुई, रबर आणि पतंगाचा मांजा यांपैकी काहीही मांजराच्या आवाक्यात राहावयाचे नाही. बंद असलेली प्लॅस्टिकची पिशवीही नाही, कारण ती गळ्यात अडकते. खेळ संपला की काठी कपाटात जावी. फाटलेले खेळणे त्याच दिवशी टाकावे. एका वेळी दोनच खेळणी बाहेर ठेवून बाकीची आलटून पालटून काढावीत. तेच ते खेळणे रोज समोर राहिले, की मांजराचा त्यातील रस आटतो.

अण्णा हे सर्व पाहत होते. प्रथम त्यांनी सुताराला बोलावून वखारीच्या दाराखालची फट पत्रा ठोकून बंद करविली आणि झरोक्यांना बारीक जाळी बसविली. उंदीर आतच येऊ नयेत, म्हणजे त्यांना मारण्यासाठी कोणाला ठेवावे लागणार नाही. मग त्यांनी पाखरांचा परळ कुंड्यांजवळून हलविला, कारण मनी त्या कुंड्यांआडच दबा धरून बसे, आणि तो उघड्या जागी, उंच गुळगुळीत खांबावर बसविला. सकाळी पाखरे उडून जाईपर्यंत गच्चीचे दार बंद राहू लागले.

जुन्या खतावणीच्या शेवटच्या पानावर ते एक नोंद ठेवू लागले. मनीने जीव मारल्याचे आढळले की एक रेघ. काही महिन्यांत रेघा विरळ झाल्या; पण थांबल्या नाहीत. पावसाळ्यात एकदा तिने सरडा आणला, तेव्हा नात घाबरून आजोबांकडे पाहू लागली. अण्णांनी रेघ ओढली, वही मिटली आणि विचारले, "काल संध्याकाळी हिच्याशी कोण खेळले होते?"

घरात लग्नाची गडबड होती. त्या दिवशी कोणीच खेळले नव्हते.

"मग ही रेघ तिच्या एकटीच्या नावावर कशी टाकायची?" अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी त्यांनी स्वतः कपाटातून काठी काढली. गुडघे धरलेले असल्याने ते खुर्चीवरच बसले. पट्टी साबणाच्या खोक्याआड गेली, थांबली, किंचित हलली. खोक्याच्या भोकातून दोन हिरवे डोळे तिच्यावर स्थिरावले. खाली मुलाने दुकानाचा हिशेब मिटवून दिवा लावला, सूनबाईंनी हाक मारली. तरी अण्णा उठले नाहीत. घड्याळाकडे पाहून त्यांनी एवढेच सांगितले, "अजून चार मिनिटे बाकी आहेत."