सरकारी वकिलाला मत देताना

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लॅरी क्रास्नर यांना डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणून तिसऱ्यांदा निवडून दिले. डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणजे शहराचा मुख्य सरकारी वकील. आपल्याकडे हे पद निवडणुकीने भरत नाही. सरकारी वकील म्हणून गाजलेले उज्ज्वल निकम २०२४ मध्ये मते मागायला गेले, ते खासदारकीसाठी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मात्र कोणावर खटला भरायचा आणि कोणते कलम लावायचे हे ठरवणारा माणूस लोकांकडे मत मागतो. मत मागायचे म्हणजे आश्वासन आले, आणि या पदाच्या उमेदवाराचे आश्वासन एकच असते : मी शहर सुरक्षित करीन. त्याच्या हाती सर्वांत कमी असते ती हीच गोष्ट, असे आमचे मत आहे.

क्रास्नर यांच्याच कारकिर्दीकडे पाहावे. आरोपींची बाजू लढवण्यात आणि पोलिसांवर दावे लावण्यात हयात घालवलेला हा वकील जानेवारी २०१८ मध्ये सरकारी बाजूला येऊन बसला. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये शहरात ३१५ खून झाले होते. २०२१ मध्ये ५६२ झाले. त्या शहराने इतके खून एका वर्षात कधीच पाहिले नव्हते. विरोधकांनी सारे खापर त्यांच्या सौम्य धोरणावर फोडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधीगृहाने त्यांच्यावर महाभियोगही आणला, पण सिनेटमध्ये तो खटला उभा राहिला नाही. मग आकडा उतरू लागला. २०२३ मध्ये ४१०, २०२४ मध्ये २६९, आणि २०२५ मध्ये त्याहूनही कमी. वकील तोच, धोरणही बरेचसे तेच. वाढ त्यांच्या नावावर मांडायची तर घटही मांडावी लागेल, आणि घटीचे श्रेय त्यांनी घ्यायचे तर त्या ५६२ जणांचा हिशेबही द्यावा लागेल.

टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये याच काळात एमी वाइरिक या रिपब्लिकन पक्षाच्या, कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी वकील होत्या. तिथेही २०२१ मध्ये खुनांचा विक्रमच झाला आणि पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या. महासाथीत बंद पडलेल्या शाळा आणि न्यायालये, झपाट्याने वाढलेली बंदुकांची विक्री, पोलीस आणि वस्त्या यांच्यात तुटलेला विश्वास हे सगळे देशभर एकाच वेळी घडत होते. २०२० या एका वर्षात अमेरिकेतले खून जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले. कोणत्याही एका वकिलाच्या कचेरीतून ही लाट उठली नव्हती.

म्हणून क्रास्नर निर्दोष ठरतात असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये, विक्रम मोडून काही दिवसच झाले असताना, शहरात गुन्हेगारीचे संकट नाही असे ते बोलून गेले. एकूण गुन्ह्यांच्या आकड्यांवर बोट ठेवून, पर्यटकांनी घाबरू नये असे त्यांना म्हणायचे होते. माजी महापौर मायकेल नटर यांनी वर्तमानपत्रात संतापून उत्तर दिले. मरणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते, त्यांच्या जिवाचे मोल या माणसाला कळते का, असा त्यांचा सवाल होता. आपले शब्द चुकले हे क्रास्नर यांना नंतर मान्य करावे लागले. नटर यांचा राग आम्हाला रास्त वाटतो. ज्या आईच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानासमोर गोळी लागली, तिला शहराची सरासरी सांगायची नसते.

आता सरकारी वकिलाच्या हाती खरोखर काय असते ते पाहू. पकडलेला माणूस जामिनाचे पैसे नाहीत म्हणून कोठडीत राहणार का, हे पुष्कळ प्रमाणात सरकारी वकिलाच्या मागणीवर ठरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रास्नर यांनी सुमारे पंचवीस किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन मागणे थांबवले. ओरेली ऊस आणि मेगन स्टीव्हन्सन या दोन अभ्यासकांनी नंतरची प्रकरणे तपासली. तारखेला गैरहजर राहणे किंवा पुन्हा गुन्हा करणे वाढल्याचे त्यांना आढळले नाही. आपल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी असतात, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून कित्येक जण आत राहतात. तेव्हा या निष्कर्षाकडे आपण परक्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहू नये.

जुने खटले पुन्हा तपासण्याचा विभाग त्यांनी बळकट केला आणि चाळीसहून अधिक माणसे निर्दोष ठरून बाहेर आली. त्यांतल्या काहींनी ऐन तारुण्यापासूनची दोन-तीन दशके तुरुंगात काढली होती. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा मारेकरी मोकळाच असतो. सुरक्षिततेच्या गप्पांत एवढी साधी गोष्टही निसटते. दुकानचोरीत मात्र त्यांचा अंदाज चुकला असे आम्हाला वाटते. पाचशे डॉलरच्या आतली चोरी हलकी मानायची हे धोरण गल्लीतल्या छोट्या औषध दुकानदाराला परवडणारे नव्हते, आणि पुढे ते बदलले गेले. २०२५ च्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी पॅट डुगन याच दुखण्यावर बोट ठेवत होते. डुगन हे माजी न्यायाधीश. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत मे महिन्यात ते हरले आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार म्हणून पुन्हा उभे राहिले. क्रास्नर यांनी प्रचाराचा रोख वॉशिंग्टनकडे, ट्रम्प यांच्याकडे वळवला. विजय मोठा झाला. पण साक्षीदाराला संरक्षण कसे देणार, खटले कोर्टात कशामुळे पडतात, अननुभवी वकिलांच्या हाती किती फायली आहेत, या घरच्या प्रश्नांना प्रचारात फारच थोडी जागा उरली.

२०२१ मध्ये झालेल्या खुनांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांचा त्या वर्षात उलगडाच झाला नव्हता. आरोपी मिळाल्याशिवाय सरकारी वकील कठोर असो वा सौम्य, त्याच्यापुढे खटलाच येत नाही. कोणी पाहिले असले तरी बोलायला पुढे येत नाही. उद्या कोर्टाबाहेर आपले काय होईल, याची त्याला खात्री नसते. ही खात्री देणे पोलिसांइतकेच या कचेरीचे काम आहे. खुनाच्या खटल्याला मुदत नसते. त्यांतल्या अनेक फायली अजून उघड्या आहेत, आणि क्रास्नर यांना आणखी चार वर्षे मिळाली आहेत.