सायकलीचा पाना घरातच असावा



या वेळी भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी विषय दिला, 'मला काय वाटते'. कोणी झाडांवर लिहिले, कोणी मोबाईलवर लिहिले. मी सायकलीवर लिहीत आहे. मला असे वाटते की ज्या घरात सायकल आहे त्या घरात पाना, पंप आणि तेलाची कुपी असलीच पाहिजे. आणि त्या घरातल्या लेकरांना त्या वस्तू वापरता आल्या पाहिजेत. मुलींना सुद्धा.

आपला वारंगा फाटा म्हणजे रस्त्यांचे गाव. नांदेडकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक रस्ता बाळापूर, कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो. दुसरा उमरखेड, यवतमाळवरून नागपूरकडे जातो. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. आम्ही वस्तीवर राहतो. वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत काळ्या मातीची गाडवाट आहे आणि शेवटी उतार आहे. माझी ताई नववीत आहे. ती रोज साडेतीन किलोमीटर सायकलीवर शाळेला जाते. सायकल दादाची जुनी आहे, सरळ हँडलची, जाड टायरची. आपल्याकडे तिला रेंजर म्हणतात. शहरातली मुले तशाच सायकलीला गिअर लावून डोंगरावर चालवतात. आमचीला गिअर नाहीत.

मागच्या पावसाळ्यात काय झाले ते सांगते. ताई उतारावरून येत होती. तिने ब्रेक दाबला तर ब्रेक लागलाच नाही. तिने पाय टेकवला, चप्पल तुटली आणि ती रस्त्याच्या अलीकडे दोन हातांवर पडली. तेवढ्यात समोरून ट्रक गेला. ताईला फक्त खरचटले. पण आई इतकी घाबरली की म्हणाली, "आता सायकल बंद. जीव राहिला तर शाळा." बाबा म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाकू." ताई आठ दिवस शाळेत गेली नाही. रात्री ती पुस्तक उघडून बसायची पण पान उलटायची नाही. मला पुढच्या वर्षी पाचवीला तिच्याच शाळेत जायचे आहे, म्हणून मला पण रडू आले.

नवव्या दिवशी मी सायकल उलटी करून बघितली. ब्रेकचे रबर झिजून लोखंड दिसत होते. तार गंजून अडकली होती. एवढेच. दोन रबराच्या गोट्या आणि एक तार, त्यासाठी आठ दिवसांची शाळा बुडाली. म्हणून मी म्हणते, सायकल वाईट नव्हती. आम्ही तिच्याकडे बघितले नव्हते.

आम्ही फाट्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडून सामान आणले. काका म्हणाले, "बसा, बघा आणि शिका." दोन रविवार आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसलो. त्यात जे शिकलो ते तुम्हाला सांगते.

पहिले, हवा. चाक बसले की लगेच पंक्चर म्हणू नये. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह गळतो आहे, ट्यूब चांगली आहे. बुडबुडा नाही आला तर ट्यूब काढून हवा भरावी आणि घमेल्यातल्या पाण्यात फिरवावी. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करावी. ट्यूब कोरडी करून कानशीने घासावी, सोल्युशन लावून जरा वाळू द्यावे, मग ठिगळ दाबून बसवावे. आम्ही पहिले पंक्चर काढले तेव्हा सगळे बरोबर केले, पण संध्याकाळी चाक पुन्हा बसले. काका हसले आणि म्हणाले, "टायरच्या आतून हात फिरवला का?" आम्ही फिरवला नव्हता. बाभळीचा काटा आतच होता. तेव्हापासून आम्ही आधी फडके घेऊन टायर आतून चाचपतो. उघडे बोट फिरवू नये, काटा बोटात जातो.

दुसरे, चेन. पावसात काळी माती चेनवर बसते. त्यावर तसेच तेल ओतले तर माती आणि तेल मिळून चेनला सहाणेसारखे घासते. म्हणून आधी फडक्याने पुसावी, ब्रशने घासावी, आणि मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल सोडून पॅडल उलटे फिरवावे. वरचे तेल परत पुसून घ्यावे. मी एकदा आईचे गोडेतेल घातले होते. दोन दिवसांत चेन चिकट झाली आणि सगळी धूळ तिला लागली. आईची बोलणी बसली ती वेगळीच. आता आम्ही शिलाई मशीनचे तेल घालतो. ते पातळ असते, म्हणून पावसाळ्यात लवकर लवकर घालावे लागते.

चेन झिजली का ते बघायला दुकानात जावे लागत नाही. आपल्या दप्तरातली फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून दुसरी पिन बरोबर अर्धा इंच असते. म्हणजे एका पिनेवर शून्य धरले तर २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. ती १२ इंचांच्या पुढे इंचाचा आठवा भाग गेली की चेन संपली. आमची त्याच्याही पुढे गेली होती. गुरुजी, गणिताच्या तासाला सगळ्यांना हे मोजायला लावा, मजा येते.

तिसरे, ब्रेक. हा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आपण सगळ्यात कमी बघतो. रबर रिमला लागले पाहिजे, टायरला नाही. रिमवर तेल सांडू देऊ नये. रबरातल्या खाचा पुसल्या गेल्या की रबर बदलावे. तारेचा एक धागा जरी तुटला तरी पूर्ण तार बदलावी. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून बघावी. चाक फिरले तर जाऊ नये. एवढे करायला मला २० अंक म्हणेपर्यंतचा वेळ लागतो.

आता सुधारणेबद्दल माझे मत. काही मुले सायकलीला रंगीत झालर लावतात, भोंगा लावतात, चाकात मणी घालतात. मला पण मणी आवडतात. पण नटवणे वेगळे आणि सुधारणे वेगळे. जिच्यामुळे सायकल सुरक्षित होते, हलकी चालते किंवा जास्त टिकते ती खरी सुधारणा.

आम्ही तीन सुधारणा केल्या. मागे लाल रिफ्लेक्टर लावला, कारण हिवाळ्यात ताईला यायला अंधार होतो. ट्रकचा दिवा पडला की तो लगेच चमकतो. मडगार्ड थोडे वर उचलून बसवले, म्हणजे चिखल अडकून चाक जाम होत नाही. आणि तिसरी सुधारणा चक्रीची. आमच्या पुढच्या चक्रीला ४४ दात होते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. मी खडूने खुणा करून मोजले. मागचे दात झिजून टोकदार झाले होते. काका म्हणाले, अशा दातांवर नवी चेन घातली तर ती उड्या मारते, म्हणून दोन्ही बरोबरच बदलायचे. मग आम्ही मागे २२ दातांचे फ्रीव्हील घेतले.

त्याने काय झाले ते मी मोजून बघितले. चाकाला खडूची खूण करून सायकल ढकलली. चाकाच्या एका फेरीत ती २ मीटर ५ सेंटिमीटर जाते. आधी पॅडलच्या एका फेरीत सुमारे ५ मीटर जात होती. आता पॅडल एकदा फिरले की चाक बरोबर दोनदा फिरते, म्हणजे ४ मीटर १० सेंटिमीटर. म्हणजे सायकल थोडी हळू झाली, पण उतार चढताना ताईला खाली उतरावे लागत नाही. फुकट काही मिळत नाही. वेग दिला आणि हलकेपणा घेतला. गिअरच्या सायकलीत हेच असते, फक्त तिथे चक्र्या पुष्कळ असतात.

गुरुजींनी मला डोंगरावरच्या सायकलीची हकीकत सांगितली. ती मला फार आवडली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तिकडची काही तरुण मुले जुन्या, जाड टायरच्या सायकली स्वस्तात घेऊन डोंगरउतारावर पळवायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्या भागातल्या एका उतारावर शर्यत लावली. त्यांच्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात असायचा. उतरताना तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर व्हायचे. खाली आल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचे नावच रिपॅक पडले. मग ती मुले त्या जुन्या सायकलींना गिअर आणि मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावू लागली. १९७७ साली त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी डोंगरासाठीच नवीन सायकल बनवली. आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत आली. म्हणजे ऑलिम्पिकपर्यंत गेलेली सायकल कोणाच्या तरी घरी, जुन्या सामानातून, हात काळे करून तयार झाली.

आपल्याकडचे उदाहरण पण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आधी बेळगावात सायकलचे दुकान चालवले. ते सायकली विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवायला शिकवत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. सायकल खोलणारा हात नांगर बनवू शकतो, असे मला यातून वाटते.

काही लोक माझ्या मताच्या विरुद्ध बोलतील. आमच्या आजीच बोलल्या. मी पाना घेऊन बसले होते तर म्हणाल्या, "काय करायलीस गं? पोरीच्या हातात हे शोभतं का?" मी म्हणाले, "आजी, तुम्ही विळा, खुरपं धरता ते शोभतं ना? मग हे पण लोखंडच आहे." आजी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुन्या लुगड्याचे फडके काढून दिले.

कोणी म्हणेल, सगळे घरी केले तर पंक्चरवाल्या काकांचे कसे होईल? मला पण ही काळजी वाटली. मी काकांनाच विचारले. ते म्हणाले, "बाई, माझं पोट मोटारसायकली आणि ट्रॅक्टरवर चालतंय. सायकलवाले तर सायकल मोडली की भंगारातच देतात. तुम्ही जपून वापरली तरच माझ्याकडून रबर आणि चेन घ्याल ना?" आणि सगळेच घरी करू पण नये. फ्रीव्हील काढायला वेगळे हत्यार लागते, ते काकांनीच बदलले. वाकडे चाक आरे ताणून सरळ करणे, वाकलेला फोर्क, तडा गेलेली फ्रेम ही कामे जाणत्याचीच आहेत. फिरत्या चेनमध्ये बोट घालू नये. माझ्याएवढ्या मुलांनी मोठे माणूस जवळ असल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

आणखी एक सांगायचे आहे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मामाच्या गावी मी एक सायकल कडब्याच्या गंजीजवळ पडलेली बघितली. तिचे फक्त मागचे चाक पंक्चर होते. त्यावर कोंबडी बसली होती. ती मुलगी चालत जाते, आणि पाऊस असला की जात नाही. सायकल मिळाली, पण पाना मिळाला नाही आणि पाना धरायला कोणी शिकवले नाही. अर्धेच काम झाले.

म्हणून माझी तीन मते आहेत. एक, पालकांनी सायकल घेताना पाना, पंप, कानस, ठिगळे आणि सोल्युशन बरोबरच घ्यावे. दोन, आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला महिन्यातून एकदा सायकल उलटी करावी आणि सगळ्यांनी एकेकदा हात लावावा, मुलींनी आधी. तीन, दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रत्येकाने घरी हवा, चेन आणि ब्रेक बघावा.

आधी केले, मग सांगितले असे म्हणतात. मी पण करूनच सांगत आहे. आमची सायकल भंगारात गेली नाही. ताई रोज शाळेला जाते. ती निघताना आई अजून दारात उभी राहते. पण आता ती "जाऊ नको" म्हणत नाही. ती म्हणते, "ब्रेक बघितला का?" आणि मी ओरडून सांगते, "बघितला!"

पालकांनो, हे वाचून झाले की शाळेच्या दारात लावलेली आपली सायकल एकदा बघा. दोन्ही ब्रेक दाबून ढकला. चाक फिरले तर मला सांगा. मी आणि ताई रविवारी घरीच असतो.

— इयत्ता ४ थी मधील एक विद्यार्थिनी