बाहत्तरचा दाखला पुरे झाला

परवा अंबड तालुक्यातल्या एका सप्ताहात वक्त्यांनी निकाल देऊन टाकला: आत्महत्या म्हणजे मनाचा लेचेपणा. कर्ज कुणावर नाही? 1972 च्या दुष्काळात आमच्या बापजाद्यांनी मिलो ज्वारी खाल्ली, पण जीव दिला नाही. आताच्या पोरांना सोसवत नाही, एवढंच! टाळ्याही पडल्या.

बाहत्तर सांगायचंच असेल तर अख्खं सांगा. तेव्हा गावच्या गाव खडी फोडायला बसलं होतं. बागाईतदाराच्या शेजारी त्याचाच सालगडी. लाज सगळ्यांची मिळून होती, म्हणून ती कुणा एकट्याच्या मानगुटीवर बसली नाही. बियाणं घरच्या कणगीतलं, खत उकिरड्यातलं. आता कपाशीच्या पिशवीपासून वेचणीच्या मजुरीपर्यंत सगळा रोखीचा मामला. 2012 च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. लेकरासारखं वाढवलेलं ते झाड माणसांनी स्वतःच्या हातांनी तोडून सरपण केलं. बाग वाळली, कर्ज तेवढं हिरवं राहिलं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि आपली कोरडी, ही लाज मात्र एकट्याची. ती पाराजवळ सांगता येत नाही, बायकोलाही नाही.

'दारूने मेला' हा जुनाच वाद. झोप उडालेला माणूस पुष्कळदा दारूलाच औषध समजतो, आणि दुखणं वाढवून घेतो. 'सरकारी मदतीच्या लाखासाठी मरतात' म्हणणाऱ्यांनी त्यातले 70 हजार ठेवीत अडकतात, एवढं तरी विचारून घ्यावं.

एकाच बांधाचे दोन कर्जदार. एक खचतो, दुसरा तगतो, हे खरं. पण त्या खचण्यात नैराश्य असू शकतं, आणि नैराश्यावर उपचार आहेत. मोडलेल्या पायाला कुणी लेचा म्हणत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानतो, गुन्हेगार नव्हे.

मग करायचं काय? श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. आपण निदान फवारणीचं औषध कुलपात ठेवू. गप्प झालेल्या माणसाला सरळ विचारू, 'जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट लागतो.

पुढच्या सप्ताहात वक्त्यांनी तेवढा नंबर दोनदा वाचून दाखवावा. टाळ्या आम्ही वाजवू.