गिलाव्यापासून रंगापर्यंत

स्लॅब पडला की घर झाले, असे ज्याला वाटते त्याने अजून घर बांधलेले नसते. स्लॅबच्या दिवशी पेढे वाटले जातात, मिस्त्रीला टॉवेल-टोपी होते, शेजारीपाजारी ‘आता काय, राहायलाच या’ म्हणून जातात. रात्री घरधनी वही उघडून बसतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते की पैसे जवळजवळ निम्मे संपले आहेत आणि घर म्हणावे असे अद्याप काहीच नाही. दार नाही, दिवा नाही, नळ नाही, पाय ठेवावा अशी जमीन नाही. भांडणे सुरू होतात ती येथून पुढे. पाया किती खोल असावा यावर नवराबायकोचे भांडण झाल्याचे मी ऐकलेले नाही. फरशीच्या रंगावरून मात्र दोन-दोन दिवस अबोला धरणारी सुशिक्षित जोडपी माझ्या पाहण्यात आहेत!

या सदरात एखाद्या घराची गोष्ट सांगण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचे घर पोहरादेवीचे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, जगदंबेचे देऊळ आहे, आणि रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येथे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय येथे पंतप्रधानांच्या हस्ते उघडले, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी गावाचे नाव वर्तमानपत्रांत वाचलेही असेल.

घर माझ्या यजमानांच्या कचेरीतील एका जुन्या स्नेह्यांचे. ते स्वतः नोकरीमुळे पुण्यास. धाकटे बंधू गावीच असतात आणि जवळच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांची पत्नी, दोन मुले आणि आई. आईला बंजारा बोलीत ‘याडी’ म्हणतात, आणि त्या घरात येणारे-जाणारे सारेच त्यांना याडी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गुडघे थकलेले, जिभेची धार शाबूत. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास स्लॅब पडला आणि ठरले की गृहप्रवेश रामनवमीला, ६ एप्रिल २०२५ ला, करावयाचा. सारे गणगोत त्या दिवशी गावात असतेच, वेगळ्या आमंत्रणाची गरज नाही. हिशेब चोख होता. मधे महिने उरले पाच.

डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा विटांच्या भिंती उघड्या होत्या आणि वीजवाला भिंतीत झिऱ्या पाडीत होता. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने याच दिवसांत तेथे हजर असावे. गिलावा चढला की भिंतीचे तोंड बंद होते. तोवर एक बटण दोन हात इकडे सरकवणे हे खडूच्या रेघेचे काम, त्यानंतर तेच छिन्नी-हातोड्याचे. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, साध्या प्लगला अडीचची, पाणी तापविण्याच्या यंत्राला चारची, हे गुरुजींनी (म्हणजे धाकट्या बंधूंनी) पाठ करून ठेवले होते. विदर्भात आणखी एक प्रश्न असतो तो पुण्यामुंबईच्या नकाशात कोणी काढीत नाही: कूलर कोठे बसणार? चैत्र-वैशाखात तेथे कूलरवाचून निभत नाही. म्हणजे खिडकी त्या मापाची हवी, शेजारी प्लग हवा, पाणी भरण्यास नळाची तोटी हवी, सांडलेले पाणी बाहेर जाण्यास वाट हवी. जेथे वीज आणि पाणी असे शेजारी नांदतात तेथे चांगले अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र, ही काटकसर करण्याची जागा नव्हे. गुरुजींनी आणखी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून त्यांनी फोनवर छायाचित्रे घेतली. नळ कोठून गेला, तार कोठून गेली, सारे इंचांसकट. उद्या तसबिरीसाठी खिळा ठोकताना कारंजे उडावयाचे नाही.

आणि मग तो दाराचा प्रसंग.

याडींच्या खोलीला लागून न्हाणीघर होते. त्याची चौकट येऊन पडलेली, अडीच फुटी. सर्वत्र तशीच बसवतात. धाकट्या सूनबाईंनी शांतपणे टेप लावला. अडीच फूट म्हणतात ते चौकटीच्या बाहेरून बाहेर. दोन्ही अंगांची अडीच-अडीच इंच लाकडे वजा केली की आत उरतात पंचवीस इंच, आणि फळी उघडून उभी राहते तिची जाडी आणखी वेगळी. चाकाची खुर्ची असते चोवीस ते सत्तावीस इंच रुंद. सूनबाई म्हणाल्या, “येथे तीन फुटांची चौकट हवी.”

तीन फुटांची चौकट म्हणजे नवे लाकूड, नवी फळी, भिंत थोडी फोडणे आणि चार दिवसांचा खोळंबा. पुण्याहून थोरल्यांचा फोन आला, आणलेली चौकट फुकट घालवू नका म्हणून. पण खरा विरोध आला याडींकडून. त्या खाटेवरून कडाडल्या, “मी काय अंथरुणाला खिळले आहे? आताच खुर्चीवर बसवता काय मला?”

कोणी काही बोलेना. म्हातारपणाची तयारी करणे हे म्हाताऱ्या माणसासमोर बोलून दाखविणे फार कठीण. सूनबाईंनीच तोड काढली. “याडी, तुम्हाला नव्हे हो. पाण्याची टाकी रिकामी झाली की दोन्ही हातांत बादल्या घेऊन मलाच आत जावे लागते. अडीच फुटांत कोपरे खरचटतात.” याडींनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि मिस्त्रीला फर्मावले, “पोरीचे ऐक.” त्यांना खरे कारण कळले नव्हते असे मला वाटत नाही.

भिंतीत धरावयाच्या दांडीचेही असेच झाले. टाइल बसण्यापूर्वीच मागे पक्का आधार ठेवावा लागतो, मागाहून नुसते स्क्रू ठोकून माणसाचा भार पेलत नाही. ती दांडी ‘लुगडे वाळत घालण्याची’ म्हणून बसली.

पैसे अर्थातच कोठून तरी यावयाचे होते. थोरल्यांच्या मनात दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग होते, आत लपविलेले दिवे होते, आरशासारखी चकचकीत फरशी होती. रामनवमीला याच दिवाणखान्यात सतरंज्या अंथरून तीस-चाळीस माणसे निजावयाची, तेव्हा वर पाहून दिवे मोजावयास कोणाला सवड आहे? छत रद्द झाले. चकचकीत फरशीही गेली. ओल्या पायांनी ती घसरते. तिच्या जागी दिवाणखान्यात खरबरीत पोताच्या टाइल आल्या. अंगणात, जेथे निखाऱ्यावर तूप-लापशीचा भोग लावतात तेथे, कोटा फरशी आली, धुराची आणि तुपाची काळजी नको. थोरले पंधरा दिवस नाराज होते. मला विचाराल तर फॉल्स सीलिंग ही शेजाऱ्यांसाठी बांधलेली गोष्ट आहे. पण हे माझे मत झाले.

गिलाव्याबद्दल दोन शब्द. कोणी त्याला छपाई म्हणतात. आतून साधारण बारा मिलिमीटर जाडी पुरते, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे उभी भेग हमखास पडते, कारण दोन्हींचे तापणे-आकसणे सारखे नसते. म्हणून त्या सांध्यावर आधी बारीक तारेची जाळी ठोकावयाची. कपाशीची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, तेथे तर ही जाळी विसरूच नये. आणि मग पाणी! सिमेंट वाळून घट्ट होते ही समजूत चुकीची. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पाणी आधीच उडून गेले तर मागे राहते ती नुसती भुकटी. निदान सात दिवस, उन्हाचे दिवस असतील तर दहा, भिंत ओली राहावयास हवी. गावात टँकरचे पाणी विकत. मिस्त्री म्हणाला, “बाई, भित तहानली राह्यली का मंग ते पोपडे धरते.” मुलांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचे काम मिळाले. एकमेकांना भिजविण्यात जे गेले ते वजा जाता भिंतींनाही बरेच पोहोचले.

न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा किंचित खाली, उतार नहाणी ट्रॅपकडे. फरशीखाली गळतीरोधक थर दिल्यावर ट्रॅपला बोळा कोंबून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवले. पहिल्या खेपेला वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली छताला ओल आली. कोपरा उकरून पुन्हा भरला, पुन्हा पाणी. टाइल बसल्यावर हीच ओल शोधावयाची म्हणजे सारी फरशी उखडावी लागली असती. टाइल बसली की नाणे घेऊन तिच्यावर टिचकी मारीत फिरावे. बद्द आवाज येईल तेथे खाली पोकळी आहे, ती आजच उचलून पुन्हा बसवून घ्यावी.

ओट्याच्या उंचीला शास्त्र एकच: उभ्या बाईच्या कोपरापासून चार बोटे खाली. सूनबाई उंच, याडी ठेंगण्या; दोघींना एक ओटा जमणे शक्य नव्हते. ओटा सूनबाईंच्या मापाचा झाला आणि मागच्या पडवीत याडींच्या भाकरीसाठी बसती चूल राहिली.

मार्च उजाडला आणि रंगाची घाई सुरू झाली. गृहप्रवेशाला घर रंगविलेले नको काय? रंगारी पुट्टी, प्रायमर आणि महागड्या रंगाचे डबे घेऊन तयार. मिस्त्री अडून बसला. ताज्या सिमेंटात क्षार आणि ओल दोन्ही असतात. वरून चिकट रंगाचा पडदा ओढला की आतली ओल वाट शोधीत रंगाचे फुगे काढते, क्षार पांढरे होऊन फुलतात, आणि तेलरंगाचा तर साबणच होतो. शिवाय छताचा आणि खिडक्यांचा एकही पावसाळा झालेला नव्हता. शेवटी भिंतींना नुसता चुना लागला, गाळून, डिंक आणि चिमूटभर नीळ घालून, तीन हात. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. रामनवमीला पाहुणे जमले तेव्हा काही जणांनी ‘रंग राहिला वाटते’ म्हणून पैशांची चौकशीही करून घेतली. याडींनी त्यांना उत्तर दिले ते येथे छापण्याजोगे नाही.

पावसाळ्यात दोन जागी ओल दिसली: पश्चिमेच्या खिडकीच्या सज्जाखाली एक आणि जिन्याच्या डोक्यावर एक. दोन्ही दुरुस्त झाल्या. २०२५ च्या दसऱ्यानंतर चुना खरवडून पुट्टी भरली आणि रंगाचे दोन हात दिले. याडींच्या खोलीत रंगाऱ्याला प्रवेश मिळाला नाही. त्यांना तोच निळसर चुना हवा होता, आणि तो पुन्हा एकदा काढून दिला गेला.

उरलेल्या टाइलची एक पेटी माळ्यावर ठेवली आहे, कारण त्याच छटेची टाइल पुढे मिळत नाही. रंगाच्या डब्यांवरचे क्रमांक गुरुजींनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. न्हाणीघरातल्या दांडीवर लुगडे वाळत असते. आणि सूनबाई म्हणतात की पहाटे तिच्यावर लुगडे नसते तेव्हा याडींचा हात असतो.