मतदान हे बलुते नव्हे

नवदीक्षित बौद्ध बंधुभगिनींनो,

विधानसभेच्या निवडणुकीचे पडघम वाजू लागले, की ज्या वस्तीकडे पाच वर्षे कोणी फिरकले नाही त्या वस्तीत मोटारी येऊ लागतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार पडतो, विहाराच्या पत्र्यांची चौकशी होते आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे घरोघर पोहोचतात. पुष्कळ ठिकाणी पाकिटाबरोबर अटही असते: बेलभंडारा उचलून शपथ घ्यावयाची. घरातले देव्हारे आपण विसर्जित केले आहेत असे कळल्यावर याच मंडळींनी उद्या बुद्धमूर्तीवर हात ठेवावयास सांगितले, तर त्यात नवल ते काय? त्यांना ना देवाचे सोयरसुतक, ना बुद्धाचे. त्यांना हवे आहे ते आपले बांधले गेलेले मन.

म्हणून या विषयावर आम्हांला आपल्याशी स्पष्ट बोलावयाचे आहे.

आपल्या पूर्वजांना बलुते मिळे. भाकरतुकडा, खळ्यावरचे चार पायली धान्य आणि वतनाची तुटपुंजी जमीन यांच्या मोबदल्यात साऱ्या गावाची रात्रंदिवस चाकरी करावी लागे. मजुरीला हिशेब असतो. बलुत्याला हिशेब नव्हता. तेथे फक्त उपकार होता, आणि उपकार कधी फिटत नसे. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले. तीस वर्षांनी, 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाच्या कायद्याने ती वतने गेली. वतन गेले, परंतु खाल्ल्या मिठाला जागण्याची जुनी सवय निवडणुकीच्या रात्री पुन्हा जागी केली जाते. पाकीट हे नवे बलुते आहे, हे ओळखा.

कायदा काय म्हणतो ते पाहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123 अन्वये मतासाठी लाच देणे हा भ्रष्ट आचार आहे, तसाच मतासाठी लाच घेणे हाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 व 173 प्रमाणे देणारा व घेणारा दोघेही अपराधी ठरतात आणि शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कारावासाची, दंडाची किंवा दोन्हींची आहे. उमेदवाराने वा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी दैवी कोपाचे भय घालणे, किंवा जातीतून, समाजातून बहिष्कृत करण्याची धमकी देणे, याचीही गणना त्याच कलम 123 मध्ये भ्रष्ट आचारात केलेली आहे.

मग जी शपथ घातली गेली तिचे काय? ज्या कराराचा हेतूच बेकायदा, तो करार शून्यवत्, हे 1872 च्या करार कायद्याचे कलम 23 सांगते. लाचेपोटी घेतलेली शपथ न्यायालयात कवडीमोल आहे. धम्माच्या दृष्टीनेही कोणतीही मूर्ती वा प्रतिमा कोणावर कोपत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणी भयापोटी अशी शपथ घेऊन बसले असतील, तर त्यांना आमचे सांगणे आहे की आपण मोकळे आहात. आपल्या विवेकाने मत द्या.

परंतु यावरून कोणी असा चतुर अर्थ काढू नये, की पैसे सर्वांचे घ्यावे आणि मत हवे त्याला द्यावे. हा सल्ला आपल्याच वस्तीतील शहाणी माणसे देतात, आणि आम्हांला तो सर्वांत घातक वाटतो. पंचशीलाचा भंग तर त्यात आहेच. त्याहून मोठी हानी पुढे होते. निवडून आलेला आमदार वस्तीतील पाण्याच्या प्रश्नावर किंवा मुलांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीवर उत्तर देण्यास बांधील असतो. ज्याने पाकीट घेतले त्याला तो तोंडावर म्हणू शकतो, "तुमचा हिशेब त्या रात्रीच चुकता झाला." जाब विचारण्याचा जो हक्क आपण विकला, त्याची किंमत पाच वर्षे मोजावी लागते.

उपकाराचा हा सापळा आता सरकारी तिजोरीतूनही लावला जातो. 2024 च्या जुलैपासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये सुरू झाले आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले. सत्ताधारी महायुतीने पुढे 2100 रुपयांचे आश्वासन दिले, तर महाविकास आघाडीने 3000 रुपयांचे. जाहीरनाम्यातील अशी आश्वासने कलम 123 खालील भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सुब्रमण्यम बालाजी खटल्यात दिला आहे. गरीब भगिनीला मिळणाऱ्या पैशाला आमचा विरोध नाही. तो तिने हक्काने घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच, की तो कोणा भावाच्या खिशातला नाही. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये याच योजनेकडे वळविले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्याच वसतिगृहांच्या व शिष्यवृत्त्यांच्या खात्यातला पैसा काढून आपल्याच हातावर ठेवावयाचा आणि वर मिठाला जागण्यास सांगावयाचे! हे मीठ कोणाचे?

पैशाने जमले नाही की भय दाखविले जाते. "कोणाला मत दिले ते आम्हांला कळते," असे सांगितले जाते. व्यक्तीचे मत कळत नाही. यंत्राशेजारची चिठ्ठी केवळ सात सेकंद, केवळ मतदाराला दिसते आणि पेटीत पडते. मतमोजणी मात्र केंद्रनिहाय होते. त्यामुळे लहान गावात वस्तीचा कल कळू शकतो, हे आम्ही लपवीत नाही. त्यावरून कोणी सूड उगवू लागल्यास कायदा आपल्या हाती आहे. अनुसूचित जातीच्या मतदाराला अमुक एकाला मत देण्यास धमकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली स्वतंत्र कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

आणखी एक भय खास नवदीक्षितांसाठी राखून ठेवलेले असते: "बौद्ध म्हणवून घ्याल तर राखीव जागा आणि सवलती जातील." एके काळी हे खरे होते. 1962 साली नागपुरातील राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला होता म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली अवैध ठरविली. परंतु 1990 च्या कायद्याने राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. अनुसूचित जातीतून आलेला बौद्ध आज महाराष्ट्राच्या 29 राखीव मतदारसंघांपैकी कोठूनही उभा राहू शकतो. तेव्हा हे जुने भय दाखविणारा उमेदवार अज्ञानी तरी असावा किंवा लबाड तरी.

आता आपल्या स्वतःच्या उमेदवारांविषयी. निळा झेंडा खांद्यावर घेतला म्हणून पाकीट पवित्र होत नाही. कोणा धनदांडग्याच्या पैशावर केवळ मते फोडण्यासाठी उभा राहणारा आपला माणूस हा परक्या प्रतिस्पर्ध्याहून अधिक अपराधी आहे. "मी बौद्ध, म्हणून मला मत द्या," ही हाकही कायद्याला मंजूर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 साली बहुमताने तसा निर्णय दिला आहे. मत मागावयाचे ते कामावर. दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964 साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले, त्या मापाने आजचा उमेदवार मोजा. गायरान कसणाऱ्यांसाठी तो कधी तहसील कचेरीवर गेला काय? वळविलेल्या निधीविरुद्ध त्याने तोंड उघडले काय? उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला आपली मालमत्ता, कर्जे व फौजदारी खटले यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि निवडणूक आयोग ते जाहीर करतो. घरातील शिकलेल्या मुलीकडून ते मोठ्याने वाचून घ्या. वाचावयाची शपथ ती, बेलभंडाऱ्यावरची नव्हे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला होता आणि स्वाभिमानाचा बळी देऊन कोणी कृतज्ञ राहू नये, असे बजावले होते. ते स्वतः 1952 साली उत्तर मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्यात पराभूत झाले. त्या पराभवांनी त्यांच्या नावाला डाग लागला नाही. पराभूत उमेदवाराला दिलेले स्वच्छ मत वाया जात नसते. वाया जाते ते विकलेले मत, मग विकत घेणारा निवडून का येईना!

म्हणून बंधुभगिनींनो, पाकीट दाराबाहेरूनच परत करा. आणणाऱ्याला शांतपणे सांगा, की या घराने बलुते घेणे सोडले आहे.